गोल्फ कार्ट काही महिने उभी ठेवताय? बॅटऱ्यांची कामं याच क्रमानं करा

कार्ट 48 व्होल्टची आहे, मल्टिमीटरवर 48.0 दिसतंय, म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या आहेत, असं समजून गाडीवर कव्हर ओढणारे पुष्कळ आहेत. लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या संचात 48.0 म्हणजे निम्म्याहून जास्त चार्ज उतरलेला असतो. पूर्ण भरलेला संच चार्जिंगनंतर काही तास निवांत ठेवला की 50.9 च्या आसपास दाखवतो. मग चार महिन्यांनी कव्हर काढलं की गाडी जागची हलत नाही, चार्जर लावला तर तोही सुरू होत नाही, आणि खापर बॅटरीवर फुटतं.

दुसऱ्या टोकाला चार्जर लावून विसरणारे. त्यांच्या बॅटऱ्या उतरत नाहीत, पण आतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडतात. दोघांचं नुकसान सारखंच.

साठवणीची कामं सोपी आहेत, फक्त त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. सफाई, पाण्याची पातळी पाहणं, पूर्ण चार्ज, त्यानंतर पाणी भरणं, मोजमाप, गाडीपासून बॅटऱ्या तोडणं, आणि पुढे दर महिन्याला थोडा वेळ. बहुतेकांचा घोटाळा चार्ज आणि पाणी यांच्या क्रमात होतो, म्हणून तिथे मी जास्त वेळ घेणार आहे.

आधी बॅटरी कोणती आहे ते बघा

सीट उचला. बॅटरीवर उघडता येणारी बुचं असतील तर ती पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी. खालचे सगळे टप्पे तिच्यासाठीच आहेत. बुचं नसतील तर ती सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं) किंवा जेल (ॲसिड घट्ट केलेलं) असेल, नाहीतर लिथियम. त्यांचं वेगळं शेवटाकडे दिलं आहे. लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. लेड-ॲसिडला योग्य असलेला उपाय लिथियमला मारक ठरू शकतो.

एका बुचाखाली एक सेल असतो आणि एक सेल साधारण 2 व्होल्टचा. तीन बुचं म्हणजे 6 व्होल्टची बॅटरी, चार म्हणजे 8 ची, सहा म्हणजे 12 ची. सहा बॅटऱ्या 6 व्होल्टच्या असतील तर संच 36 चा. सहा बॅटऱ्या 8 च्या, आठ 6 च्या किंवा चार 12 च्या असतील तर 48 चा.

उभ्या गाडीत बिघडतं काय

वापर नसला तरी लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरत राहते. महिन्याला साधारण 5 ते 15 टक्के, आणि उष्णता जितकी जास्त तितकं लवकर. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. तेवढी क्षमता कायमची गेली. नंतर कितीही चार्ज केलं तरी ती परत येत नाही.

शिवाय गाडी स्वतःही थोडी थोडी वीज खात असते. कंट्रोलर, व्होल्टेज कमी करून दिव्यांना देणारा कन्व्हर्टर, चार्जचा मीटर, कुणी बसवलेलं ट्रॅकर किंवा रेडिओ. चावी काढली की हे सगळं बंद होतं, ही समजूत चुकीची आहे.

टप्पा 1: सामान आणि जागा

- डिजिटल मल्टिमीटर
- हायड्रोमीटर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याची घनता मोजायला)
- डिस्टिल्ड वॉटर आणि नळी असलेली बाटली
- खाण्याचा सोडा, वायर ब्रश, जुने कपडे
- मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पाना
- संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे
- मार्कर आणि वही

वहीला हसू नका. बॅटरीचा एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा शेजारी ठेवले की मग कळतं.

जागा कोरडी, थंड आणि हवेशीर हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. सिमेंटच्या फरशीवर बॅटरी ठेवली की उतरते, ही जुन्या काळची भीती आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना फरशीचं काही होत नाही.

> सावधान: अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर लाल होईपर्यंत तापतो, आणि अंगठी बोटासकट तापते. ॲसिड अंगावर उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवून लगेच डॉक्टर गाठा.

टप्पा 2: फोटो, नंबर, सफाई

काहीही सोडण्याआधी केबलींचा फोटो काढा. वरून एक, बाजूनं एक. महिन्यांनी उलटी जोडलेली एक केबल कंट्रोलर जाळू शकते. मग मार्करनं प्रत्येक बॅटरीवर नंबर टाका, मुख्य पॉझिटिव्हपासून सुरुवात करून.

सफाईच्या वेळी सगळी बुचं घट्ट बंद हवीत. एक लिटर पाण्यात चार-पाच मोठे चमचे सोडा घालून ते पाणी बॅटऱ्यांच्या माथ्यावर आणि टर्मिनलांवर लावा. फसफसलं म्हणजे तिथे ॲसिड होतं. फसफस थांबेपर्यंत लावा, साध्या पाण्यानं पुसा, कोरडं करा. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये, तो आतलं ॲसिड मारतो.

माथ्यावरची ओलसर काजळी अनेकजण सोडून देतात. धूळ आणि ॲसिड मिळून तिथे वीज वाहणारा थर तयार होतो आणि त्यातून बॅटरी दिवसरात्र झिरपत राहते. हवं तर मल्टिमीटरची एक टोचणी टर्मिनलवर आणि दुसरी नुसत्या प्लास्टिकवर टेकवून बघा. मळक्या बॅटरीवर चक्क व्होल्ट दिसतात.

टर्मिनलावर पांढरा-हिरवा गंज असेल तर केबल सोडून ब्रशनं घासा, पुन्हा जोडा, आणि जोडून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. आधी जेली लावून वर केबल बसवू नका. धातूला धातू भिडला पाहिजे.

> तपासणी: प्रत्येक केबल हातानं हलवून बघा. हलली तर घट्ट करा, पण जोर काढू नका. शिसं मऊ असतं, टर्मिनल पिळून निघतो.

टप्पा 3: पाण्याची पातळी फक्त बघा

बुचं उघडा, टॉर्च मारून आत बघा. लायटर किंवा काडी पेटवून नाही. हे सांगावं लागतं.

आता पाणी भरायचं नाही. अपवाद एकच: एखाद्या सेलमध्ये प्लेटा पाण्याबाहेर दिसत असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घाला, एक थेंब जास्त नको. उघड्या प्लेटा चार्ज केल्या तर उघडा भाग खराब होतो.

आताच का भरायचं नाही? चार्ज होताना आतलं द्रावण तापून फुगतं आणि त्यात बुडबुडे येतात, म्हणजे पातळी चढते. आधीच तोंडोतोंड भरलेल्या सेलमधून मग ॲसिड बाहेर येतं. ते ट्रेमध्ये साचून लोखंड खातं, आणि त्या सेलचं ॲसिड कायमचं पातळ होतं, कारण बाहेर गेलेल्या ॲसिडची भरपाई पुढे आपण नुसत्या पाण्यानं करतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं होतं. मोठ्या काळजीनं सगळे सेल गळ्यापर्यंत भरले आणि रात्री चार्जर लावला. सकाळी ट्रेखालच्या पत्र्याचा रंग उडाला होता. त्या संचातल्या दोन बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी नंतर कधीच वर आली नाही.

टप्पा 4: पूर्ण चार्ज

बुचं लावा, पण सीट उघडी ठेवा म्हणजे वायू अडकणार नाही. गाडीवर कव्हर असेल तर काढा. चार्जर त्याच संचासाठीचा आणि त्याच प्रकारच्या बॅटरीचा हवा.

चार्ज मध्येच तोडू नका. सुरुवातीचा बराचसा भाग लवकर भरतो, शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो, आणि साठवणीच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. याच वेळी बुडबुड्यांनी द्रावण ढवळलं जातं. मीटरवर हिरवा दिवा लागला म्हणून तासाभरात प्लग ओढणाऱ्यानं बॅटरी अर्धवट चार्जवरच साठवली म्हणायची.

> सावधान: चार्ज चालू असताना बॅटरीचा एखादा डबा बाकीच्यांपेक्षा खूपच तापला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जर भिंतीकडच्या बाजूनं बंद करा. बॅटरीकडचा प्लग ओढू नका, तिथे ठिणगी पडू शकते. मग जागा हवेशीर करून दूर थांबा.

टप्पा 5: आता पाणी

चार्ज संपला, बॅटरी थोडी निवली, आता बुचं उघडा. आत एक प्लास्टिकची गळ्यासारखी नळी खाली उतरलेली दिसेल. पाण्याची पातळी तिच्या खालच्या टोकापेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली हवी. तिथे थांबा.

डिस्टिल्ड वॉटरच वापरा. नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यातले क्षार आत साचत जातात. ॲसिड कधीही घालू नका. सेलमधून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ग्रॅव्हिटी कमी दिसते म्हणून ॲसिड ओतणारे लोक आजाराऐवजी थर्मामीटरवर उपचार करत असतात.

आणि एकाच सेलला दर वेळी इतरांपेक्षा जास्त पाणी लागत असेल तर वहीत लिहा. तो सेल कमजोर असण्याची शक्यता आहे, किंवा डबा चिरला असेल.

टप्पा 6: मोजमाप

चार्जनंतर लगेच घेतलेला व्होल्टेजचा आकडा फसवा असतो, तो चढलेला दिसतो. किमान 6 तास, जमलं तर रात्रभर थांबा. मग प्रत्येक बॅटरी सुटी मोजा. नुसता संचाचा आकडा घेतला तर पाच चांगल्या बॅटऱ्यांच्या आड सहावी आजारी लपते.

निवांत ठेवलेल्या बॅटरीचे ढोबळ आकडे असे:

- पूर्ण भरलेली: 6 व्होल्टची 6.37, 8 ची 8.49, 12 ची 12.73. संच 36 चा असेल तर 38.2, 48 चा असेल तर 50.9.
- सुमारे 70 टक्के: 6.19, 8.25, 12.37. संच 37.1 किंवा 49.5.
- सुमारे 50 टक्के: 6.05, 8.07, 12.10. संच 36.3 किंवा 48.4.

मधली ओळ लक्षात ठेवा. साठवणीत बॅटरी तिच्याखाली जाऊ द्यायची नाही.

हायड्रोमीटर व्होल्टमीटरपेक्षा खरं बोलतो, कारण तो सेलनिहाय सांगतो. द्रावण दोन-तीनदा आत-बाहेर ओढून मग वाचा, आकडा डोळ्याच्या रेषेत धरा, आणि द्रावण त्याच सेलमध्ये परत सोडा. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी 1.265 ते 1.280 मध्ये असते. हे आकडे 27 अंश सेल्सिअसचे आहेत. त्याहून गरम असेल तर दर साडेपाच अंशांना 0.004 मिळवा, थंड असेल तर वजा करा. नुकतंच पाणी घातलेलं असेल तर वरचा थर पातळ असतो आणि ग्रॅव्हिटी खोटी कमी येते. म्हणून भरपूर पाणी घालावं लागलं असेल तर चार्जर पुन्हा थोडा वेळ चालवून, बॅटरी निवू देऊन मगच मोजा.

एकाच संचातल्या दोन सेलमध्ये 0.030 पेक्षा जास्त फरक असेल तर समतोल चार्ज द्यायची गरज आहे, म्हणजे मुद्दाम थोडं जास्त व्होल्टेज देऊन मागे पडलेले सेल वर आणणं. चार्जरमध्ये ती सोय असेल तरच, माहितीपुस्तकात दिलेल्या पद्धतीनं, आणि फक्त पाण्याच्या बॅटऱ्यांना. त्यानंतरही एखादा सेल मागेच राहिला तर ती बॅटरी साठवणीत आणखी बिघडेल, सुधारणार नाही. तिचा निर्णय आत्ताच घ्या.

टप्पा 7: गाडीपासून तोडणं

चावी बंद, दिशेचा दांडा न्यूट्रलवर, रन-टो स्विच (गाडी चालवायची की ओढून न्यायची ते ठरवणारा) असेल तर टोवर. आता दोन रस्ते आहेत.

पहिला: केबल काढून ठेवणं. संचाची मुख्य निगेटिव्ह केबल आधी काढा, टोकाला टेप गुंडाळा, ती परत टर्मिनलला टेकणार नाही अशी बांधा. गाडीची चोरटी वीजखाऊ उपकरणं सुटतात, पण बॅटरीचं आपोआप उतरणं चालूच राहतं. आणि एक अडचण: मुख्य केबल काढल्यावर गाडीच्या सॉकेटमधून चार्ज होईलच असं नाही. दर महिन्याला ती जोडून चार्ज करावं लागेल. हे मान्य असेल तरच हा रस्ता धरा. माझं मत विचाराल तर हाच बरा, कारण तो माणसाला महिन्यातून एकदा सीट उचलायला लावतो.

दुसरा: चार्जर लावून ठेवणं. हा फक्त साठवणीची सोय असलेल्या स्वयंचलित चार्जरसाठी, जो बॅटरी भरली की थांबतो आणि उतरली की स्वतः पुन्हा सुरू होतो. जुने, वजनदार, गुणगुणणारे चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवू नका. चांगल्या चार्जरमध्येही एक खोच आहे: काही चार्जर वीज जाऊन आली की नव्यानं पूर्ण चार्ज सुरू करतात. वीज वारंवार जात असेल तर बॅटऱ्या रोज उकळतात आणि पाणी आटत जातं. म्हणून चार्जर कितीही हुशार असला तरी पाणी महिन्याला बघायचंच.

चाकांत हवा भरा, चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक सोडा, उंदरांना बसायला जागा मिळेल असं काही सीटखाली ठेवू नका. या लेखात गाडीबद्दल एवढंच.

टप्पा 8: दर महिन्याची फेरी

4 ते 6 आठवड्यांनी एकदा, उन्हाळ्यात 4 ला:

1. प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज मोजा, वहीत लिहा.
2. कोणतीही बॅटरी 70 टक्क्यांच्या ओळीजवळ आली असेल तर संपूर्ण संच पूर्ण चार्ज करा.
3. चार्जनंतर पातळी बघा, लागलं तर पाणी घाला. क्रम तोच.
4. चार्जसाठी मुख्य केबल जोडली असेल तर ती पुन्हा काढा.

तिसरं काम झालं की लोक चौथं विसरतात. केबल जोडलेलीच राहते आणि पुढच्या महिन्यात बॅटऱ्या का बसल्या ते कळत नाही. केबल सुटी आहे हे दिसावं म्हणून मी लाल चिंधी स्टिअरिंगला बांधतो, आणि केबल जोडताना ती सोडून हातात घेतो. चिंधी हातात असेल तर काम संपलेलं नाही.

> थंडीचा इशारा: पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण उणे 7 ते 10 अंशांवरच गोठू शकतं आणि डबा फुटतो. पूर्ण भरलेली बॅटरी उणे 50 च्याही खाली टिकते. कडक थंडीत बॅटरी घरात आणणं गरजेचं नाही, ती भरलेली ठेवणं गरजेचं आहे. गोठलेली बॅटरी चार्ज करू नका.

सीलबंद आणि लिथियम

एजीएम आणि जेलला पाण्याचे टप्पे लागू नाहीत, बाकीचा क्रम तोच. त्या हळू उतरतात, पण चार्जरवर त्यांचीच सेटिंग हवी. समतोल चार्ज त्यांना देऊ नका. आतला वायू एकदा झडपेतून गेला की त्याची भरपाई करता येत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचं (गोल्फ कार्टमधली नेहमीची लिथियम बॅटरी) गणित उलटं आहे. ती पूर्ण भरून ठेवायची नाही, साधारण अर्धी ते पाऊण भरलेली ठेवायची. नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तकात असतो. मुख्य स्विच असेल तर बंद करा, साठवणीचा मोड असेल तर चालू करा, कारण आतली नियंत्रण यंत्रणाही थोडी वीज खाते. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. आणि लेड-ॲसिडचा जुना चार्जर घरात पडला आहे म्हणून तिला लावू नका.

टप्पा 9: गाडी पुन्हा बाहेर काढताना

आधी फेरी मारून बघायचा मोह होतो. आवरा. मोजा, मग जोडा, मग चार्ज करा, मग पाणी, मग गाडी. स्विच टोवरच ठेवून मुख्य केबल शेवटी जोडा, टोकाशी छोटी ठिणगी दिसली तर दचकू नका. म्हणूनच ही जोडणी चार्जच्या आधी, हवेशीर जागेत करायची, चार्ज संपल्यासंपल्या नाही. अर्धा मिनिट थांबून स्विच रनवर न्या.

चार्जर सुरूच झाला नाही तर तो बिघडलाच असं नाही. पुष्कळ चार्जरना सुरू होण्यासाठी संचात ठराविक व्होल्टेज शिल्लक लागतो. संच त्याखाली गेला की चार्जरला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही. अशा वेळी एकेक बॅटरी तिच्या व्होल्टेजच्या छोट्या चार्जरनं, संचापासून सुटी करून, थोडी वर आणावी लागते. मग मोठा चार्जर तिला ओळखतो. यात आत्मविश्वास नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या.

पहिल्या दिवशी जवळच्याच फेऱ्या मारा, चढ टाळा, परत आल्यावर प्रत्येक बॅटरी पुन्हा मोजा. साठवणीपूर्वीच्या पानाशी ताडून बघा. सगळ्या सारख्याच थोड्या उतरल्या असतील तर ठीक. एकच क्रमांक बाकीच्यांच्या बराच खाली असेल तर संच त्या एका बॅटरीवर अडकला आहे. ती बदलताना संच जुना असेल तर एकच कोरी बॅटरी घालू नका, त्याच वयाची आणि त्याच क्षमतेची शोधा. जुन्यांच्या ओळीत बसलेली नवी बॅटरी लवकरच त्यांच्याइतकीच थकते.